कोड उडवला की आठ दिवस बरं, घाटात परत चेक लाईट: जुन्या ट्रकचे सेन्सर बदलायच्या आधी हे बघा

गाडी माझी २०१७ ची बीएस-४, दहा टायर, कॉमन रेल इंजिन, २४ व्होल्टची. कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की अर्धी मंडळी त्यावरच भांडत बसतात आणि हा प्रॉब्लेम कुठल्याही कंपनीच्या गाडीत येतो. मी मेस्त्री नाही, मालक आहे आणि स्वतःच चालवतो. पिंपळगावहून कांदा भरायचा, वाशी मार्केटला खाली करायचा आणि येताना भिवंडीच्या गोडाऊनमधून जे भाडं मिळेल ते घेऊन नाशिक.

तर झालं असं की कसारा घाट चढताना, गाडी लोड, तिसऱ्या गियरला दम धरून चाललीये आणि एकदम मीटरवर पिवळी चेक लाईट पेटायची, मग अॅक्सिलेटर कितीही दाबा गाडी उठतच नाही, आरपीएम पंधराशेच्या पुढे सरकत नाही, मागून कंटेनरवाले हॉर्न मारून डोकं उठवतात. कशीबशी साइडला घ्यायची, चावी बंद, दोन मिनिटं थांबायचं, परत सेल्फ मारला की गाडी एकदम ओके, जसं काही झालंच नव्हतं. घरी आलो की चेक लाईटही नाही. कांदा घेऊन घाट उतरताना हे एकदाही झालं नाही, रिकाम्या गाडीला झालं नाही, सपाटीला झालं नाही. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी नीट डोक्यात घेतली असती तर माझे साडेनऊ हजार वाचले असते.

साडेनऊ हजार कसे गेले ते सांगतो. स्कॅनरवाल्याकडे गेलो, त्याने वायर लावली, रेल प्रेशर सेन्सरचा (रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारा जास्त प्रेशरचा कॉमन पाइप) कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, निघाला, "सेन्सर गेलाय शेठ", बदलला. नऊ दिवसांनी परत. दुसऱ्या वेळी बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या प्रेशरचा, कोड वर दिसला, तोही बदलला. सहा दिवसांनी परत. तिसऱ्या वेळी तो म्हणाला ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलं असेल, उघडून रिपेअरला पाठवू. तेव्हा मी म्हटलं थांब, आता आधी मला कोड लिहून दे, सगळे, तुला महत्त्वाचे वाटतात तेवढेच नाही.

कागदावर तीन कोड होते. पी ०१९२, पी ०१०७ आणि सगळ्यात खाली पी ०६५२. पहिला रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल लो, दुसरा इनटेकच्या बूस्ट सेन्सरचा सिग्नल लो, आणि तिसरा म्हणजे सेन्सरला जाणारी ५ व्होल्टची दुसरी लाईन लो. तिन्ही वेळेला हा तिसरा कोड होताच, पण त्याच्या नावात कुठल्या सेन्सरचं नाव नाही त्यामुळे बदलायला काही सापडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे बघितलंच नाही. खरा चोर तोच होता.

हे कसं चालतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गाडी २४ व्होल्टची असो नाहीतर १२ ची, ईसीएम आतल्या आत ५ व्होल्ट तयार करतं आणि तीन वायरवाल्या सेन्सरला देतं. एक वायर ५ व्होल्टची, एक अर्थ, एक सिग्नल. पण प्रत्येक सेन्सरला वेगळे ५ व्होल्ट नसतात, अशा दोन-तीन लाईनी असतात आणि एकेका लाईनवर दोन-तीन सेन्सर टांगलेले असतात. घरात एका मिक्सरने शॉर्ट मारला की हॉलचा पंखापण बंद पडतो ना, तसं. ती ५ ची वायर कुठे बॉडीला टेकली की त्या लाईनवरचे सगळे सेन्सर एकदम मेले, सगळ्यांचा सिग्नल शून्याला, आणि ईसीएमला वाटतं रेलचा सेन्सरपण गेला बूस्टचापण गेला. ते बिचारं घाबरून ताकद कापतं, यालाच लिंप मोड म्हणतात. चावी बंद करेपर्यंत ते त्यातून बाहेर येत नाही, वायर अर्धा सेकंदच टेकली असली तरी.

म्हणून पहिला नियम माझा आता हा, की एका वेळी दोन-तीन वेगवेगळ्या सेन्सरचे कोड एकत्र आले तर एकही सेन्सर विकत घ्यायचा नाही. सगळे एकाच दिवशी मरत नाहीत. त्यांच्यात कॉमन काय आहे ते शोधायचं, ५ व्होल्टची लाईन, अर्थ, नाहीतर एखादा मोठा कपलर (वायरी जोडायचा प्लग) ज्यातून सगळ्यांच्या वायरी जातात.

कोड वाचताना अजून एक बघा. "लो" किंवा "हाय" असं लिहिलेला सर्किटचा कोड आणि "प्रेशर कमी आहे" असा कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पी ०१९२ आणि पी ०१९३ हे वायरिंगचे किंवा सेन्सरचे. पण पी ००८७ आला, म्हणजे रेलमधलं प्रेशरच कमी, तर सेन्सर खरं बोलतोय, त्याला का शिक्षा देता. तिथे डिझेल फिल्टर चोंदलाय का, पाण्याचा सेपरेटर भरलाय का, टाकीतली जाळी बंद झालीये का, सक्शनच्या पाइपातून हवा ओढतोय का ते बघायचं. हवेसाठी फिल्टरच्या आधी फूटभर पारदर्शक पाइप जोडून बघा, बुडबुडे डोळ्यांना दिसतात. तसंच पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी, तिथे इंटरकूलरचा होज फाटलाय का, क्लिप ढिली आहे का ते आधी, टर्बो आणि सेन्सर नंतर. आणि इंजिन चालू असताना रेलचा किंवा इंजेक्टरचा पाइप जुन्या गाड्यांसारखा ढिला करून बघायचा नाही, अजिबात नाही, आत हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची धार कातडी फाडून आत जाते.

काही गाड्यांमध्ये पी वाले कोड येत नाहीत, एसपीएन आणि एफएमआय असे दोन आकडे येतात. एसपीएन म्हणजे कुठली वस्तू, एफएमआय म्हणजे तिला काय झालंय. १०० ऑइल प्रेशर, १०२ बूस्ट, ११० कूलंट, १५७ रेल प्रेशर, ३५०९ आणि ३५१० या सेन्सर सप्लायच्या लाईनी. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज वर चढलंय, ४ म्हणजे खाली गेलंय, ५ म्हणजे करंटच कमी, बहुतेक वेळा वायर तुटलेली. हे एवढे पाठ केले तरी स्कॅनरवाला आपल्याला गंडवू शकत नाही. मोबाईलला जोडायचे ते स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर मात्र बघून घ्या, बरेचसे १२ व्होल्टच्या कारसाठी असतात, २४ व्होल्टवर लावले की जळतात, आणि जळले नाहीत तरी मोठ्या ट्रकची भाषा त्यांना कळत नाही.

आणि कोड उडवायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढा. कोडबरोबर त्या वेळचा आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान पण साठवलेलं असतं, ते स्क्रीनवर काढून द्यायला सांगा. कोड उडवला की तेही गेलं. माझ्या गाडीत तिन्ही वेळा लोड नव्वद टक्क्यांच्या वर आणि आरपीएम चौदाशेच्या आसपास होता, म्हणजे इंजिन जोरात ओढतंय तेव्हाच.

आता माझी गाडी कशी सापडली ते. गावातला एक म्हातारा वायरमन आहे, त्याच्याकडे स्कॅनरच नाही, मल्टीमीटर आणि टाचण्या. त्याने केबिन उचलली, बूस्ट सेन्सरचा कपलर न काढता मागून वायरीच्या बाजूने रबराच्या कडेने टाचणी सरकवली, मीटर लावला, चावी ऑन. ५.०२. "पाच तर आहेत की काका," मी म्हटलं. "आत्ता आहेत," तो म्हणाला, "घाटात आहेत का ते बघायचंय." मग त्याने इंजिनच्या फाउंडेशनपाशी (इंजिन चॅसीवर जिथे बसतं तिथे) टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि इंजिन हळूच एका अंगाला उचललं, जसं लोडमध्ये इंजिन पिळतं तसं. अर्धा इंच पण हललं नसेल. मीटरवर ५.०२ चे ०.३ झाले. टॉमी सोडली, परत ५.०२. मी तिथेच मांडी घालून बसलो.

इंजिनवरून चॅसीकडे येणारी वायरिंग जिथे ब्रॅकेटला बांधलेली असते तिथली प्लॅस्टिकची क्लिप नव्हती, तिच्या जागी बाइंडिंग वायर होती, सेंट्रिंगवाले वापरतात ती. तिने स्लीव्ह (वायरींवरची नळी) कापली होती, आतल्या एका वायरचं प्लॅस्टिक कापलं होतं आणि आत चिमटीत मावेल एवढं तांबं चमकत होतं. इंजिन लोडमध्ये पिळलं की वायरिंग ताणली जायची, तांबं बाइंडिंग वायरला टेकायचं, बाइंडिंग वायर ब्रॅकेटला, ब्रॅकेट चॅसीला, झाली अर्थ. आणि ती बाइंडिंग वायर, आता काय सांगू, मीच बांधली होती, सहा महिन्यांपूर्वी खर्डीच्या ढाब्यावर, क्लिप तुटून वायरिंग लोंबत होती म्हणून. क्लिनरला वर शाबासकीपण दिली होती की बरं झालं तार होती तुझ्याकडे.

वायर जोडताना त्याने नुसती पिळून काळी टेप मारली नाही. खराब तुकडा कापून टाकला, तेवढ्याच जाडीची वायर घातली, दोन्ही जॉइंट वेगवेगळ्या ठिकाणी, एकाशेजारी एक नाही, सोल्डर करून वर गरम करून बसवायची नळी, मग नवीन स्लीव्ह. आणि मुख्य म्हणजे इंजिन आणि चॅसीच्या मधे वायरिंगला थोडी ढील ठेवली. ती ताणून बांधली की आज ना उद्या तुटणार. ब्रॅकेटला रबर गुंडाळून प्लॅस्टिकचा टाय. साडेतीनशे रुपये घेतले, चहा माझा.

तुमच्या गाडीत ५ व्होल्ट कायमच गायब असतील तर उलट काम सोपं आहे. चावी ऑन ठेवून मीटर एका सेन्सरच्या ५ च्या पिनवर, आणि त्या लाईनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून कपलर काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ परत आले तो सेन्सर आतून शॉर्ट. सगळे काढून पण आले नाहीत तर वायर बॉडीला टेकलीये, नाहीतर वायर तुटलीये, आणि हे सगळं संपल्यावरच ईसीएमवर संशय. आणि ५ बरोबर आहेत पण कोड हाय चा येतोय तर सेन्सरची अर्थची वायर बघा, अर्थ तुटली की सिग्नल वर चढतो. टेस्ट लॅम्प मात्र या वायरींवर लावू नका, बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा सोसायची ताकद त्या लाईनमध्ये नसते. आणि वायरीत सुई टोचून बघायची सवय पण सोडा, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी जातं आणि वर्षभरात आत तांबं हिरवं होऊन वायर आतल्या आत मरते, वरून एकदम नवीन दिसते.

आता बाकी सेन्सर घरच्या घरी कसे बघायचे ते.

सकाळी गाडी थंड असताना चावी ऑन करून स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सर त्या क्षणी दाखवतायत ते आकडे) बघा. रात्रभर उभी आहे म्हणजे कूलंट, इनटेक हवा, डिझेल सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं पाहिजे. तिघांपैकी दोघं २२ आणि एक ६० दाखवत असेल तर तोच खोटा. इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचं प्रेशर दाखवलं पाहिजे, भिवंडीला साधारण १०० किलोपास्कल आणि तोच सेन्सर नाशिकला ९४-९५, कारण नाशिक उंचावर आहे. हे मी स्वतः बघितलंय, बरोबर येतं, आणि गंमत म्हणजे मी बदलून टाकलेला जुना सेन्सर लावला तरी तेच आकडे. रेल प्रेशर इंजिन बंद करून थोडा वेळ झाला की शून्यावर यायला पाहिजे, सिग्नलच्या वायरवर अंदाजे अर्धा व्होल्ट. इंजिन बंद आहे आणि स्क्रीनवर रेलमध्ये दोनशे बार दिसतंय तर सेन्सर किंवा त्याची वायर.

कूलंटचा सेन्सर सगळ्यात सोपा. दोन पिनचा असतो, कपलर काढला की स्क्रीनवर उणे ४० च्या आसपास जायला पाहिजे, आणि कपलरच्या दोन पिना छोट्या वायरने जोडल्या की एकदम टोकाला वर. दोन्ही झालं म्हणजे वायरिंग आणि ईसीएम चांगलं, सेन्सर खराब. सेन्सर ओहमवर मोजला तर बऱ्याच गाड्यांमध्ये २० डिग्रीला अडीच हजार ओहमच्या जवळपास आणि ८० ला तीनशेच्या जवळ येतो. नवा घेताना तोही मोजून घ्या, डब्यात नवा आहे म्हणजे चांगलाच आहे असं नाही, मार्केटमध्ये काय काय मिळतं ते तुम्हाला माहितीये.

क्रँक सेन्सरची (इंजिन किती फिरतंय ते सांगणारा) तऱ्हा वेगळी. गाडी गरम झाली की चालता चालता बंद, अर्धा तास उभी केली की परत चालू, कोड पी ०३३५ किंवा ०३३६. बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का बघा, अजिबात हलत नसेल तर क्रँकचा सिग्नल येत नाहीये. दोन वायरचा सेन्सर असेल तर ओहम मोजता येतो, बरेच आठशे-हजारच्या मधे असतात, पण थंडीत मोजून उपयोग नाही, गाडी बंद पडलेली असताना गरम गरमच मोजा, तेव्हाच तो तुटलेला दाखवतो. तीन वायरचा असेल तर बहुतेक आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याला ओहम लावू नका. आणि बदलायच्या आधी एकदा काढून टोक बघा, तिथे चुंबक असतो, लोखंडाचा कीस मिशीसारखा चिकटलेला असतो, पुसून लावला की कित्येकदा काम होतं. कीस फारच असेल तर मात्र विचार करा की तो येतोय कुठून.

बॅटरी आणि अर्थ, हे खरं तर सगळ्यात आधी बघायला पाहिजे पण कोणी बघत नाही. इंजिन चालू असताना २४ व्होल्टच्या गाडीला २७ ते २८.५ च्या मधे पाहिजे. सेल्फ मारताना १८-१९ च्या खाली जात असेल तर ईसीएम झोपतं आणि काहीच्या काही कोड टाकतं. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि एक इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थची पट्टी खराब, काढा, घासा, परत आवळा. आणि ते टेपसाठी नाहीतर चार्जरसाठी दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढतात ना, ते बंद करा, एक बॅटरी उतरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. कन्व्हर्टर लावा, फार महाग येत नाही.

स्कॅनर लागतच नसेल, किंवा मीटरवरचे सगळेच काटे नाचतायत, तर बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटमध्ये कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात ती लाईन) दोन पिनांमधे ओहम मोजा. सोळा पिनच्या सॉकेटला बहुतेक ६ आणि १४, गोल नऊ पिनच्याला सी आणि डी. ६० च्या आसपास आले की ठीक. १२० आले तर लाईन कुठेतरी तुटलीये किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेलाय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

बॉडीवर वेल्डिंग केल्यानंतर कोड सुरू झाले असतील तर वेल्डरला विचारा बॅटरी काढली होती का. आमच्याकडे फाळका वेल्ड करायचा असला तरी आता बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीएमचा कपलर काढल्याशिवाय मी हात लावू देत नाही. धुतल्यानंतर सुरू झाले असतील तर कपलर उघडून हवा मारा, प्रेशरचं पाणी थेट कपलरवर मारायला सांगणारा कोणी तज्ज्ञ भेटला तर त्याला दुसरं काम द्या. गाडी महिनाभर उभी होती तर उंदीर. युरिया आणि नॉक्स सेन्सरचा (धूर साफ करायच्या सिस्टिमचा) विषय माझ्या गाडीत आला नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही.

रिपेअर झाल्यावर नुसता कोड उडवून यार्डात चक्कर मारून "झालं" म्हणू नका. ज्या हालतीत कोड यायचा त्याच हालतीत गाडी चालवा. मी मुद्दाम भिवंडीहून पूर्ण लोड घेतला, कसाऱ्याला तिसऱ्या गियरला तसाच ताणला, वर इगतपुरीला थांबून स्कॅनर लावला, पेंडिंगमध्येपण (अजून पक्के न झालेले कोड) काही नाही. त्यानंतर बावीस ट्रिपा झाल्या.

जुना बूस्ट सेन्सर टूलबॉक्समध्ये ठेवलाय, पुढे कधी संशय आला तर अदलाबदल करून बघायला. बाइंडिंग वायरचं भेंडोळंही अजून गाडीत आहे, पण क्लिनरला सांगून ठेवलंय, ते फक्त ताडपत्रीला.